मदत हवी आहे: ७५ सेमीचा खाऱ्या पाण्याचा टँक काढून त्याच जागी १२० सेमीचा लावायचा आहे

निळा_कोपरा

नमस्कार मंडळी. नवा टँक जुन्याच्याच जागी बसणार आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी चालवून सावकाश सामान हलवणं शक्य नाही. क्रम कसा लावावा, यावर सल्ला हवा आहे.

जुना टँक: ७५×४५×४५ सेमी, प्रत्यक्ष पाणी १२० लिटर, तीन वर्षं चालू. मागे अडकवायचा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आहे, सम्प (खालची फिल्टरची टाकी) नाही. लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेला सच्छिद्र खडक) १८ किलो. वाळू ५ सेमी, खालपर्यंत कधीच उपसलेली नाही. ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक वॉचमन गोबी आणि त्याच्या बिळात राहणारी पिस्टल श्रिंप (कोळंबी). कोरलमध्ये झोअँथस, मश्रूम, ग्रीन स्टार पॉलिप, हॅमर. एक बबल टिप ॲनिमोनीही (समुद्रफूल) आहे.

पाणी: सॅलिनिटी १.०२५, तापमान २६ अंश, केएच (अल्कलिनिटी) ७.८, कॅल्शियम ४१०, मॅग्नेशियम १२९०, नायट्रेट २५, फॉस्फेट ०.१२.

नवा टँक: १२०×६०×५५ सेमी, १२ मिमी काच, आत ओव्हरफ्लो बॉक्स (वरचं पाणी सम्पमध्ये सोडणारा कप्पा). खाली ७५×४०×४० सेमीचा सम्प. १५ किलो कोरडा रॉकही आणून ठेवला आहे.

जुनी वाळू न्यायची का? जुनं पाणी किती न्यायचं? सगळं एका दिवसात उरकावं का? आणि सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं) पुन्हा सुरुवातीपासून करावी लागेल का?

ओहोटी

चारही प्रश्नांत वाळूचा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. जुनी वाळू नेऊ नका. तीन वर्षं न हललेल्या ५ सेमी थरात वरच्या सेंटीमीटरभरातच ऑक्सिजन पोचतो. त्याखाली माशांची विष्ठा, न खाल्लेलं अन्न आणि मेलेले किडे साचून कुजत असतात. थर उपसला की हे सगळं एकदम पाण्यात येतं: अमोनिया, सेंद्रिय गाळ, आणि काळ्या पट्ट्यांतून कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड. टँक बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे गेल्याचं ऐकतो, तेव्हा बहुतेकदा कारण हेच असतं. पाणी काचेसारखं दिसत असतं आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

नवी अरागोनाइट वाळू घ्या. ३ सेमी थराला साधारण २० लिटर, म्हणजे ३० किलोच्या आसपास लागेल. गोबी आणि श्रिंपला बिळासाठी बारीक दाण्यासोबत थोडे शिंपल्यांचे तुकडे आणि जाड चुरा हवा, नाहीतर बीळ ढासळत राहतं. बीज म्हणून जुन्या वाळूचा अगदी वरचा थर दोन वाट्या घेतलात तर पुरे. तोही मीठपाण्यात खळबळून.

पाण्याबद्दल: नायट्रिफिकेशन करणारे (अमोनियाचं नायट्रेट करणारे) बॅक्टेरिया पृष्ठभागाला चिकटून असतात, मोकळ्या पाण्यात ते नगण्य. २५ नायट्रेटचं पाणी मुद्दाम जपून न्यायचं काही कारण नाही. ते फक्त बदलीच्या काळात कोरल आणि मासे ठेवायला वापरा.

सायकल पुन्हा लागणार नाही, कारण १८ किलो रॉक तोच आणि मासेही तेवढेच. अट एकच, रॉक सतत पाण्याखाली राहिला पाहिजे. प्रत्येक तुकडा जुन्या टँकच्याच पाण्याच्या बादलीत बुडवून जोरात हलवा. भोकांतून कॉफीच्या रंगाचा गाळ निघेल. दोन-तीन बादल्या बदलेपर्यंत करा. हा गाळ नव्या टँकमध्ये गेला तर पुढचे सहा महिने फॉस्फेटशी झगडत बसाल.

सम्पाचा_हिशेब

आकडे मांडतो, म्हणजे तयारी नेमकी करता येईल.

आतला भाग धरून, रॉक आणि वाळू वजा करून डिस्प्लेत साधारण ३१० लिटर, सम्प २४ सेमीवर चालवला तर ७२ लिटर. एकूण ३८० धरा. ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) खारटपणासाठी लिटरला सुमारे ३८ ग्रॅम मीठ लागतं. सगळं नवं पाणी केलं तर साडेचौदा किलो. त्यावर ६० लिटर तयार खारं पाणी राखीव हवंच, म्हणजे आणखी सव्वादोन किलो. दिवसाला ७५ गॅलनची आरओ मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) चांगल्या दाबावर तासाला १२ लिटरच्या आत-बाहेर देते, तेव्हा ४४० लिटरला दीड दिवसाहून जास्त लागेल. पाणी आधीच्या आठवड्यात ड्रममध्ये साठवायला लागा. डीआय फिल्टरनंतर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असल्याशिवाय मीठ टाकू नका.

मिठाचा डबा निवडताना केएच बघा. रीफसाठीची काही मिठं ११-१२ केएचला मिसळतात. तुमचे कोरल ७.८ वर आहेत. सगळं पाणी ११ चं भरलंत तर त्यांना एका दिवसात तीनच्या वर उडी बसेल. हॅमर आक्रसेल, पुढे कधी ॲक्रोपोरा (नाजूक फांद्यांचं कोरल) ठेवलेत तर अशा उडीने टोकं जळतात. ८ च्या आसपास मिसळणारं मीठ घ्या आणि मग दिवसाला ०.५, फार तर १ च्या वर बदल करू नका.

वजन: काच ८० किलो, डिस्प्लेतलं पाणी ३२० किलो, रॉक आणि वाळू ६५, सम्प पाण्यासकट ९०, स्टँड ६० धरला तर सव्वासहाशे किलोच्या घरात. हे ०.७२ चौरस मीटरवर येणार. भिंतीला लागून, बीमवर किंवा बीमजवळ ठेवा. लाकडी जमीन असेल तर तुळयांना आडवा. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता सम्प. नव्या टँकमध्ये सेंटीमीटरभर पातळी म्हणजे जवळपास पावणेसात लिटर. वीज गेली की रिटर्न नोझल (सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपचं तोंड) उघडं पडेपर्यंत पाणी उलटं सम्पमध्ये येतं. नोझल ५ सेमी खोल असेल तर ३४ लिटर, शिवाय ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांतलं वेगळं. तुमच्या सम्पमध्ये २४ सेमीच्या वर काठापर्यंत जागा आहे ४८ लिटरची. म्हणजे अगदी काठावरचा मामला. नोझल २ सेमीपेक्षा खोल नको. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ५-६ मिमीचं सायफन तोडणारं भोक पाडा आणि ते शेवाळाने बुजत नाही ना, हे दर आठवड्याला बघा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका. त्यात गोगलगायी आणि चुन्याच्या नळ्या करणारे किडे बसतात आणि तो पूर्ण मिटत नाही.

साध्या पाण्यावर चाचणी अशी: पंप बंद ठेवून सम्प काठापासून २ सेमी खालीपर्यंत भरा, मग पंप सुरू करा. पातळी स्थिर होते तिथे मार्करने रेघ ओढा. चालू अवस्थेत पाणी त्या रेघेच्या वर कधीच जाऊ द्यायचं नाही. ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) सेन्सरही त्याच हिशेबाने लावा, आणि त्यातून भरायचं ते गोडं आरओ-डीआय पाणी, कारण उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं.

भरती

एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका, हे कळकळीने सांगतो. जागा एकच असली तरी दुसऱ्या कोपऱ्यात १५०-२०० लिटरचा फूड-ग्रेड टब तीन-चार दिवस ठेवता येईलच. रॉक हलवल्यावर जो काही अमोनिया निघायचा तो टबमध्ये निघू दे. तिथे ३० लिटर पाणी बदलणं सोपं. नव्या टँकमध्ये तीच वेळ आली की हात लहान पडतात.

क्रम असा लावा. नवा टँक आणि स्टँड आधी दुसऱ्या सपाट जागी उभा करून साध्या पाण्याने ४८ तास भरून ठेवा. चारही कोपऱ्यांत काठापासून पाणी किती खाली आहे ते पट्टीने मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाचर स्टँडखाली, काचेखाली कधीच नाही. अंतिम जागी नेल्यावर हे पुन्हा मोजायचं. सम्पची वर सांगितलेली चाचणीही याच वेळी करून घ्या. सांधे गळत असतील तर आत्ता कळलेलं बरं.

बदलीच्या दिवशी वाळूला हात लावण्याआधी वरचं स्वच्छ पाणी टबमध्ये ओढून घ्या, ६०-७० लिटर. दोन-तीन बादल्या रॉक खळबळायला बाजूला ठेवा. मग कोरल टबमध्ये, मग रॉक. रॉक निघाल्यावर मासे लपायला जागा राहत नाही, दोन जाळ्यांत आरामात सापडतात. पाणी निम्म्यावर आलं की हे काम आणखी सोपं. टब भरायला कमी पडेल तेवढं नवं मीठपाणी घाला. हीटर, एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप), आणि वरून जाळी. रॉयल ग्रामा आणि गोबी दोन्ही उड्या मारतात, जाळी विसरू नका. जुना स्किमर टबच्या काठाला अडकवता आला तर उत्तम.

वाळू शेवटी, सगळे बाहेर आल्यावर.

निळा_कोपरा

खूप उपयोगी. टबचंच ठरवतो. अजून तीन शंका. श्रिंप वाळूत असते, ती कशी काढायची? ॲनिमोनी एका मोठ्या रॉकच्या फटीत घट्ट बसली आहे. आणि नव्या टँकवर दोन एलईडी येणार आहेत, जुन्यापेक्षा बरेच तेज.

ओहोटी

श्रिंप: रॉक उचलताना बीळ कुठल्या तुकड्याखाली आहे ते आधी लक्षात ठेवा आणि तो तुकडा सगळ्यात शेवटी, सरळ वर उचला. आडवा ओढलात तर बीळ कोसळून ती चिरडते. मग त्या भागातली वाळू फावड्याने न उपसता ओंजळीने, बोटं पसरून एकेक सेंटीमीटर काढत जा. श्रिंप सापडली की झाकणाला भोकं असलेल्या डब्यात घालून टबमध्ये तरंगत ठेवा. हातमोजे घालाच, वाळूत ब्रिसल वर्मही (टोचणाऱ्या केसांचे किडे) निघतील.

हातमोजे आणि चष्मा यांचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. झोअँथस आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असू शकतं. ते असलेला रॉक घासताना शिंतोडे डोळ्यांत जाऊ देऊ नका. असा रॉक गरम पाण्यात टाकू नका, उकळू तर मुळीच नका. वाफेतून घरातल्या सगळ्यांना बाधा होऊ शकते. कामानंतर हात, बादल्या, ब्रश भरपूर पाण्याने धुवा.

ॲनिमोनी ओढून काढू नका. पाय फाटला की ती सडते आणि १५० लिटरच्या टबमध्ये एवढा मांसल जीव सडला तर सगळ्यांना घेऊन जाते. रॉकसकट हलवा. टबमधल्या वेव्हमेकरला जाळी किंवा स्पंज लावा. नव्या जागी ती एक-दोन दिवस फिरेल, तोवर नव्या टँकमधल्या पंपांनाही स्पंज राहू दे. तिला हवी ती जागा मिळाली की थांबते, आपण ठरवून ठेवलेल्या ठिकाणी ती राहीलच असं नाही.

एक सुचवतो. ग्रीन स्टार पॉलिपचा तुकडा वाळूवर एकटा, मुख्य रॉकपासून हातभर लांब ठेवा. मुख्य रॉकवर एकदा पसरला की काढणं जवळपास अशक्य. तीच गोष्ट रॉकवरच्या एप्टेजियाची (झपाट्याने पसरणाऱ्या नकोशा ॲनिमोनींची). ते मारायचे असतील तर आत्ता, रॉक हातात असतानाच.

भरती

लाइट: दोन्ही एलईडी ४० टक्क्यांवर सुरू करा आणि आठवड्याला ५ टक्के वाढवा. झोअँथस, मश्रूम, हॅमर यांना ५०-१५० पार (कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो. जास्त प्रकाशात हॅमर आधी फिकट पडतो, मग ऊतक सोलवटतं. टँकची उंची वाढल्याने तळाशी कमी प्रकाश पडेल असं वाटून पहिल्याच दिवशी लाइट पूर्ण लावला जातो, ते टाळा.

हीटर ३०० वॉटचा एक घेण्याऐवजी १५० चे दोन घ्या, वेगळ्या कंट्रोलरवर. हीटर बिघडतो तेव्हा अनेकदा चालूच अडकून राहतो. दोघांपैकी एक अडकला तरी पाणी उकळायला वेळ लागतो, तोवर लक्षात येतं. सगळ्या वायरींना प्लगआधी खाली झुकलेला वळसा द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकेल, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा.

नवा टँक भरल्यावर वाळूचा गढूळपणा बसायला दिवस-दीड दिवस लागतो. मग तापमान आणि सॅलिनिटी टबशी जुळवा. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं साधन) ३५ पीपीटीच्या द्रावणाने कॅलिब्रेट करा. गोड्या पाण्यावर शून्य केलेला ३५ ला चुकू शकतो. दोन्हीकडचे आकडे जुळले की रॉक आधी, मग कोरल, मासे शेवटी. तासन्‌तास थेंबथेंब पाणी देत बसायची गरज नाही.

पहिला आठवडा रोज अमोनिया बघा. ०.२५ पीपीएम दिसला तरी ६० लिटर राखीव पाण्यापैकी निम्मं बदला. पहिले तीन दिवस खाणं निम्म्यावर. जाळीच्या पिशवीत कार्बन सम्पमध्ये ठेवा.

निळा_कोपरा

शेवटचं. कोरडा १५ किलो रॉक त्याच दिवशी टाकू का? आणि १२० सेमी झाल्यावर टँग (सर्जनफिश) ठेवता येईल का?

सम्पाचा_हिशेब

कोरडा रॉक त्या दिवशी नको. पृष्ठभाग रिकामा असतो, त्यावर डायटम आणि डायनोफ्लॅजेलेट (तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) आधी जागा धरतात. अनेक कोरड्या रॉकमधून फॉस्फेटही झिरपतं. आजच एका ड्रममध्ये खारं पाणी, हीटर, पंप लावून रॉक त्यात टाका. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या आणि जुन्या रॉकचा एक छोटा तुकडा बीज म्हणून सोबत ठेवा. एवढा डोस २४ तासांत शून्यावर येऊ लागला, नायट्राइटही उरला नाही आणि आठवडाभर फॉस्फेट चढला नाही की रॉक तयार. अंधारातच ठेवा, म्हणजे शेवाळ येत नाही.

तो वेळेत तयार नसेल तर बदली अडवू नका, पण मागाहून टाकायच्या तुकड्यांची जागा आत्ताच मोकळी सोडा. रचना करताना पायाचे तुकडे वाळू बाजूला सारून थेट काचेवर बसवा. वाळूवर रचलेला रॉक, गोबी आणि श्रिंपनी खालून पोखरला की कलंडतो.

टँगसाठी १२० सेमी ही किमान लांबी धरा. येलो टँग २० सेमीपर्यंत वाढतो. पहिले दोन महिने नवा मासा नकोच. नंतरही आधी वेगळ्या टँकमध्ये क्वारंटाइन करा, कारण टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी पटकन लागतो. तो डिस्प्लेत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस बिनमाशांचा ठेवावा लागतो. तांब्याचं औषध द्यायचं ते क्वारंटाइनमध्येच. कोरल, श्रिंप आणि ॲनिमोनी असलेल्या टँकमध्ये तांबं अजिबात चालत नाही, आणि त्या बादल्या-जाळ्याही वेगळ्याच ठेवा.