मदत हवी आहे: संगणकावरील एकही फाइल उघडत नाही

स्टुडिओवाला_सातारा: काल रात्रीपासून सर्व फाइलींच्या नावांपुढे चार अनोळखी अक्षरे लागली असून एकही फोटो उघडत नाही. शनिवारी लग्नाचा अल्बम द्यायचा आहे आणि वधूपित्याचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले. एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचे डिक्रिप्टर (कुलूपबंद फाइली सोडवणारे साधन) चालवले, पण काही झाले नाही. दुसरे कोणते साधन चालेल, तेवढेच सांगावे.

पाटीपेन्सिल: ‘काही झाले नाही’ म्हणजे पडद्यावर कोणता संदेश आला? फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या विषाणूने खंडणीची चिठ्ठी ठेवली असेल, तर तिच्यातील रक्कम आणि त्याने आपल्याला दिलेल्या आयडीची शेवटची दोन अक्षरे कळवावीत.

स्टुडिओवाला_सातारा: ९८० डॉलर, ७२ तासांत भरल्यास ४९०. आयडी कशाला हवा?

निवांत: मी २०१५ पासून लिनक्स वापरतो आणि मला असा त्रास कधी झाला नाही. आपणही डिस्क फॉरमॅट करून लिनक्स बसवावे.

पाटीपेन्सिल: निवांत, त्यांना फोटो परत हवे आहेत, नवी यंत्रणा नव्हे. कृपया कोणीही फॉरमॅट सुचवू नये. ही रक्कम स्टॉप अथवा डीजेव्हीयू या खंडणीखोर विषाणूंच्या कुळाची खूण आहे. एमसिसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ प्रकारांसाठी साधन काढले. मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टनंतरच्या प्रकारांत, आयडीच्या शेवटी ‘टी१’ असेल म्हणजेच ऑफलाइन किल्ली (इंटरनेट नसताना विषाणू वापरतो ती, अनेकांना समान असलेली) वापरली गेली असेल आणि ती किल्ली कंपनीच्या हाती आलेली असेल, तरच फाइली सुटतात. आयडी यासाठी विचारला.

हिशेबी: एवढा खल करण्यापेक्षा ४९० डॉलर भरून मोकळे व्हावे. लग्न काही पुन्हा लागणार नाही.

पाटीपेन्सिल: पैसे घेऊन चोराने किल्ली दिलीच नाही, तर दाद कोणाकडे मागणार? त्यापेक्षा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आणि स्टुडिओवाले, परवा संगणकावर नवीन काय बसवले होते?

स्टुडिओवाला_सातारा: अल्बमचे एक सॉफ्टवेअर, क्रॅक केलेले. अँटिव्हायरस आड येत होता म्हणून दहा मिनिटे बंद ठेवला होता. आयडीच्या शेवटी ‘टी१’ आहे. या आयडीची किल्ली सध्या नाही, पुढे कदाचित मिळेल, असा संदेश होता.

पाटीपेन्सिल: मग साधन बिघडलेले नाही, किल्लीच अजून नाही. आधी तो क्रॅक आणि त्याने आत सोडलेले सर्व काढावे, नाहीतर सुटलेल्या फाइली पुन्हा अडकतील. याच्यासोबत बहुधा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो. तेव्हा बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. अडकलेल्या फाइलींची प्रत चिठ्ठीसह वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी. हा प्रकार मोठ्या फाइलीचे साधारण पहिले १५० केबीच कुलूपबंद करतो, म्हणून मोठ्या झिपमधील पुढचे फोटो शाबूत असू शकतात. फोटो झिप करून ठेवले होते का?

स्टुडिओवाला_सातारा: हळदीचे आणि लग्नाचे झिपमध्ये होते, कारण ते मुलीकडच्यांना पाठवायचे होते. आता प्रतीच्या नावातील ती चार अक्षरे पुसून सेव्हन-झिप या झिप उलगडणाऱ्या प्रोग्रामने उघडले. लग्नाच्या झिपमधला पहिला फोटो गेला, तो गणेशपूजनाचा होता. बाकीचे ६१२ उघडले. हळदीचे झिप अजून उलगडते आहे. स्वागतसमारंभाचे फोटो सुटेच होते, ते किल्लीची वाट पाहतील.