पॉइंटांवर फुकट सिंगापूर? आधी बिल कोण भरतंय ते सांगा

चाळकरी (धागाकर्ता)
गेल्या आठवड्यात इथे एका आयडीने लिहिलं, की मुंबईत राहून विमानाचं तिकीट पदरचे पैसे घालून काढणारा माणूस अडाणी. ते नवराबायको क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर सिंगापूरला 'फुकट' जाऊन आले, हॉटेलसुद्धा पॉइंटांवर. आणि आम्ही म्हणे टूरवाल्याच्या झेंड्यामागे धावणारी मेंढरं. गप्प बसणार होतो, पण खालच्या वाहवा वाचून राहवलं नाही.

एचडीएफसी बँकेचं महागडं इन्फिनिया कार्डच घ्या. वर्षाची फी साडेबारा हजार, वर १८ टक्के जीएसटी. झाले १४,७५०. माफ हवी तर वर्षात दहा लाख खर्च दाखवा. दीडशेला पाच पॉइंट, पॉइंटला फार तर एक रुपया. म्हणजे दहा लाख उडवून तेहतीस हजार. त्यातही तिकिटाच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालतात, बाकीचे खिशातून. घरभाडं, पेट्रोल, वॉलेट यांवर पॉइंट नाहीत. मग दहा लाख आणायचे कुठून? माझ्या मेव्हण्याने टप्पा गाठायला मार्चअखेर पंचावन्न इंची टीव्ही आणला. खोली दहा बाय बारा. आता सगळे मान मागे टाकून बातम्या बघतात.

पॉइंटपंत
तो 'एक आयडी' मीच. नाव घ्यायचं होतं की.
एका रुपयाला पॉइंट वापरणाऱ्याने हिशोब शिकवू नये. पॉइंट क्रिसफ्लायरसारख्या, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या माइल्स योजनेसारख्या ठिकाणी वळवायचे असतात, तिथे त्यांचे माइल्स होतात आणि माइल्सवर तिकीट निघतं. बिझनेस क्लासचं रोख भाडं आभाळाला टेकलं तरी सेव्हर, म्हणजे कमीत कमी माइल्सच्या सीटचे माइल्स तक्त्यात ठरलेले. तिथे पॉइंटची किंमत दुप्पट-तिप्पट निघते. आणि दहा लाख काही उडवावे लागत नाहीत. विमा, मुलाची फी, वर ऑफिसचे दौरे माझ्या कार्डावर. कंपनी नंतर पैसे देतेच.

चाळकरी
सापडलं! कंपनीच्या खर्चावर साठवलेले पॉइंट, आणि अडाणी आम्ही.

माजी_कॅशियर
पंत, दौरेवाल्याचं सोडा. नव्याने कार्ड घेणाऱ्या पोरांना एक सांगाल का? एका महिन्यात पूर्ण बिल भरलं नाही, नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम भरली, की बिनव्याजी मुदत गेली. व्याज खरेदीच्या तारखेपासून, साधारण महिना साडेतीन टक्के, वर्षाला बेचाळीसच्या घरात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तीन टक्के कमवायला निघून बेचाळीस देणारे मी काउंटरवर रडताना पाहिलेत. त्यांच्याच व्याजातून तुमचे पॉइंट येतात, एवढं लक्षात ठेवून बिझनेस क्लासमधली वाइन प्या.

कोकणकन्या_वेटिंग
सिंगापूर राहू द्या. गणपतीत सावंतवाडीचं वेटिंग किती पॉइंटांत कन्फर्म होतं?

दादरचा_दुकानदार
कॅशियरसाहेब, अर्धंच सांगितलंत. व्याज भरणारा एक, दुसरा मी. रानडे रोडला कपड्यांचं दुकान आहे. क्रेडिट कार्ड घासलं की जवळपास दोन टक्के आमच्याकडून कापतात. सेलमध्ये सुटतं किती, ते धंदा करणाऱ्याला विचारा. पंतांच्या आडव्या होणाऱ्या सीटचा एक पाय माझ्या गल्ल्यावर आहे.

सासरी_ठाण्याला
वा! मग ते दोन टक्के गिऱ्हाईकाकडून कोण उकळतं? दिवाळीत दादरलाच एका दुकानात साडी बांधून झाली, कार्ड काढलं, तर मालक म्हणे 'ताई, दोन टक्के जास्त पडतील.' पावतीवर त्याचा पत्ता नाही. बँकेच्या करारात असे पैसे घ्यायला मनाई असते ना?

दादरचा_दुकानदार
असते. पण करारावर सही करताना आमचं कोण ऐकतं? ते माझं दुकान नव्हतं. आम्ही रोखीला सूट देतो.

सासरी_ठाण्याला
तेच ते! आधी किंमत चढवायची, मग सूट म्हणायचं. वर 'मराठी दुकानदार टिकला पाहिजे' म्हणून गळाही काढायचा.

दादरचा_दुकानदार
गळा कुणी काढला? तुम्ही साडी इथे अंगावर टाकून बघायची, फोटो काढायचा आणि घरी जाऊन ॲपवर मागवायची. त्या ॲपला विचारता का टक्के? यूपीआयवर बँक खात्यातून पैसे आले तर जानेवारी २०२० पासून आम्हाला काही कापत नाहीत. पण आता रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडतात. छोट्या दुकानाला दोन हजारांपर्यंत माफी, पुढे कापणी. कोपऱ्यावरचा वाणी कोड लावून बसलाय, त्याला कळतही नाही काय आलं.

पॉइंटपंत
माझा धागा साड्यांच्या दुकानात गेला.

चाळकरी
धागा माझा आहे.

तिरकस_तारा
पंत, मी तुमच्यासारख्यांचंच ऐकून दोन वर्षं पॉइंट साठवले, लेकीच्या बारावीनंतरच्या सहलीसाठी. नेमक्या त्याच वर्षी बँकेची मेल आली, हॉटेलला पॉइंट निम्म्या भावाने. रुपया असा एका मेलने निम्मा होत नाही. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं सगळ्यांना आठवत असेल: महिन्याला लाख खर्चावर मिळणारे २५,००० पॉइंट सप्टेंबर २०२३ पासून बंद, वर फी वाढवून साडेबारा हजार. आणि शाळा-कॉलेज सांभाळणाऱ्यांना मे किंवा दिवाळीच मिळते. तेव्हा माइल्सवर दोन सीट मिळाल्या तरी घरातल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला कुठे बसवायचं?

पॉइंटपंत
साठवायचे नसतात हो, मिळाले की वापरायचे. मेच्या सीटचं मात्र मान्य. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. आणि माइल्सच्या तिकिटावरही कर भरावे लागतातच, तेव्हा 'फुकट' हा शब्द मागे घेतो. झालं समाधान?

माजी_कॅशियर
नाही. 'अडाणी' राहिला.

पॉइंटपंत
तो नाही घेणार. पूर्ण बिल भरणारा असूनही जो नुसतं डेबिट कार्ड घासतो, त्याला दुसरं काय म्हणू?

चाळकरी
बरं, माझ्याकडूनही घ्या. ज्याचे दौरे कंपनी भरते, जो दर महिन्याला पै न् पै चुकवतो, आणि ज्याला मे महिन्याची सुट्टी आडवी येत नाही, त्याला जमतं. असा मुंबईत एक सापडला, तुम्ही.

पॉइंटपंत
दोन. बायकोचं ॲड-ऑन आहे, माझ्याच खात्यावरचं दुसरं कार्ड.

दादरचा_दुकानदार
वहिनी पैठणी घ्यायला आल्या तर ॲड-ऑन घरी ठेवून या म्हणावं.