यरीहोच्या फेऱ्या आजही घालायच्या का? यहोशवा ३ ते ९ तरुण संघाला कसं शिकवावं?

तरुणसंघ_वर्ग
जय ख्रिस्त. 'अडथळे आणि विश्वास' या विषयावर बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचे ३ ते ९ अध्याय (इस्राएली लोक यहोशवाच्या पुढारपणात कनान देशात शिरतात तो भाग) घ्यायचे आहेत, वेळ एक तास. पंचाईत अशी की फेऱ्या आणि जयघोषानंतर ज्याचा तट पडला ते यरीहो नगर म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र: वादातल्या प्लॉटभोवती सात फेऱ्या घाला, तेल शिंपडा, भिंत पडलीच म्हणून समजा. मंडळीतल्या काही घरांत हे सुरूही आहे. त्यांना न दुखावता काय सांगायचं? आणि 'हे खरंच घडलं का' असं पोरं विचारणार, तेव्हा?

वचनवाचक
आधी फेऱ्या मोजायला लावा. सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात, म्हणजे तेरा. पुढे सशस्त्र लोक, मग एडक्याच्या शिंगांची सात रणशिंगं घेतलेले सात याजक, त्यांच्यामागे कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) आणि शेवटी पिछाडीची तुकडी. लोकांनी अवाक्षर काढायचं नाही (६:१०), सांगितल्यावरच जयघोष करायचा. तेलाचा कुठे उल्लेखच नाही. 'सात फेऱ्या' म्हणणारे नेमके ते सहा मुके दिवस गाळतात. वेशी बंद, तटाचा चिराही हललेला नाही आणि तरी निमूट छावणीत परतायचं, ते पण सहा दिवस. खरं आज्ञापालन तिथे आहे.

शिवाय ही आज्ञा एका नगरापुरती होती. पुढचं नगर आय. तिथे फेऱ्या नाहीत, नगरामागे दबा धरायला सांगितलं (८:२). यरीहोत चाललं म्हणून यहोशवाने तिथेही रणशिंगं फुंकली असती, तर तो जुन्या विजयाची नक्कल करत बसला असता. फेऱ्या घालणाऱ्यांना 'तुमचं चुकतं' म्हणू नका. आयभोवती किती फेऱ्या घातल्या, ते पुस्तकात शोधून सांगायला सांगा.

पाळकांची_वही
सातवा अध्याय बहुतेक वर्गांत उरकला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. हेर येऊन सांगतात, आय लहान आहे, दोन-तीन हजार माणसं पुरेत (७:३). परमेश्वराला विचारल्याचा उल्लेख नाही. सुमारे तीन हजार गेले, पळून आले, ३६ जण पडले.

यरीहोची लूट कुणी स्वतःसाठी घ्यायची नव्हती. पराभवाचं कारण निघालं आखान नावाच्या इस्राएली माणसाच्या तंबूत पुरलेलं, त्याच लुटीतलं: शिनारी (बाबेलकडचा) झगा, २०० शेकेल चांदी, ५० शेकेलांची सोन्याची लगड. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅम धरला, तर चांदी सव्वादोन किलोच्या वर आणि सोनं आजच्या दहा ग्रॅमच्या हिशेबाने ५७ तोळ्यांच्या आसपास. हा आकडा फळ्यावर लिहा, पोरं जागी होतात. मग ८:२ वाचा: आयची लूट लोकांना घ्यायची मुभा मिळाली. आखान पुढच्या नगरापर्यंत थांबला असता, तर हक्काचा वाटा मिळाला असता.

आणखी एक जागा सोडू नका. पराभवानंतर यहोशवा कोशासमोर पालथा पडून विलाप करतो, तेव्हा परमेश्वर त्याला उठायला सांगतो (७:१०). पाप सापडलेलं नसताना नुसती प्रार्थना लांबवणं मान्य झालं नाही. आपल्याकडे उलटं चालतं: भावाचा हिस्सा दाबून ठेवायचा आणि उपास धरायचा.

नदीकाठ
माझ्या मते सुरुवात यार्देन नदी ओलांडण्यापासून करा, कारण अडथळ्यापुढे नेमकं काय करायचं ते तिसऱ्या अध्यायात क्रमाने आलंय. कापणीचा हंगाम, नदी दोन्ही थड्या भरून (३:१५). कोश पुढे, लोक त्याच्यापासून दोन हजार हात मागे, म्हणजे जवळजवळ ९०० मीटर. कारण तिथेच दिलंय: या वाटेने तुम्ही पूर्वी गेलेला नाहीत, कोश दिसत राहिला पाहिजे. अंगाला खेटून गर्दी केली तर मागच्याला काही दिसत नाही.

याजकांचे पाय पाण्याच्या कडेला बुडल्यावर पाणी थांबलं, आधी नाही. आणि थांबलं कुठे? वर, आदाम गावापाशी. ते दामिया भागात धरतात, यरीहोपासून पंचविसेक किलोमीटर उत्तरेला. म्हणजे रास तिकडे उभी राहिली आणि इकडच्यांना दिसला तो फक्त ओसरणारा प्रवाह.

मात्र हे आंधळेपणाने उडी मारणं नव्हतं. पहिल्या अध्यायात तीन दिवसांची शिधातयारी आहे, दुसऱ्यात हेर पाठवलेत. प्लॉटच्या वादात विश्वासाचं पाऊल म्हणजे सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा घेऊन तारखेला हजर राहणं. कागद जमवले म्हणून विश्वास उणा ठरत नाही.

ढिगाऱ्यातून
'खरंच घडलं का' यावर ठोकून देऊ नका, मोबाईलवर दोन मिनिटांत तपासतील. जुनं यरीहो म्हणजे तेल एस-सुलतान नावाची टेकडी, २०२३ पासून जागतिक वारसा यादीत. टेकडी चारेक हेक्टरांची, त्यामुळे एका दिवसात सात फेऱ्या सहज बसतात. पुरातत्त्वज्ञ गार्स्टँग यांनी १९३० ते ३६ मध्ये खणून पडलेल्या भिंतींचा काळ इ.स.पू. १४०० च्या आसपास धरला. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते ५८ मध्ये खणून तो विनाश इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा ठरवला आणि नंतरच्या काळात तिथे तटबंदीचं मोठं नगर सापडत नाही असं मांडलं. बरेच अभ्यासक केन्यन यांच्या बाजूने आहेत, काही अजून वाद घालतात. 'विज्ञानाने सिद्ध केलं' असं म्हणालात, तर पुढचा सगळा वर्ग हातचा जाईल.

याहून अवघड प्रश्न सहाव्या अध्यायाच्या २१ व्या वचनाचा आहे, नगरातल्या सगळ्यांच्या संहाराचा. तो टाळू नका. निदान एवढं स्पष्ट सांगा की ती आज्ञा कुणाला आज वापरायला दिलेली नाही. हेरांना लपवणारी त्याच नगरातली राहाब वाचली आणि इस्राएलात राहिली, हेही त्याच अध्यायात आहे.

तरुणसंघ_वर्ग
मनापासून आभार. पण तासाभरात हे सगळं कसं बसणार? आणि एकाच्या घरी आजारपण आहे, तिथे हा विषय नाजूक पडेल.

वचनवाचक
सगळं बसणार नाही. यार्देन १५ मिनिटं, यरीहो १५, आय आणि आखान २०. पाचवा अध्याय सोडा. गिबोनाला उरलेली १०: गिबोनचे लोक दूरदेशीचे असल्याचं सोंग घेऊन आले; त्यांची शिळी बुरशी धरलेली भाकर, फाटके बुधले, ठिगळांची पायताणं बघून पुढाऱ्यांनी करार केला, परमेश्वराला विचारलं नाही (९:१४). तीन दिवसांत कळलं की हे शेजारचेच. तरी शपथ पाळावी लागली. स्टॅम्प पेपरवर घाईने सही करणाऱ्यांना हे लगेच पटतं.

आजारपणाच्या घरासाठी यरीहो वापरू नका. 'पुरेसा विश्वास असता तर भिंत पडली असती' हे वाक्य तिथे वर्मी लागतं. दानीएल ३:१७-१८ घ्या, आगीच्या भट्टीत टाकायची धमकी मिळालेल्या तिघांचं उत्तर: देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. औषधं चालू ठेवायला वर्गात स्पष्ट सांगा आणि प्रार्थनेला घरी जाल तेव्हा दवाखान्यात रात्री सोबतीला कोण बसणार, ते ठरवूनच जा.