नेतृत्वाची पुस्तकं वाचून कुणाला खरंच माणसं सांभाळता आली आहेत का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दोन-तीन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये आहे. गाड्यांचे सुटे भाग, सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी) मिळून चौदा मशीन. डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलो, मग सेटर (जॉबसाठी मशीन लावून देणारा) झालो आणि दसऱ्यापासून सेकंड शिफ्टचा इनचार्ज. हाताखाली बावीस जण, त्यातले नऊ पर्मनंट आणि बाकी कॉन्ट्रॅक्टची पोरं. परवापर्यंत ज्यांच्यासोबत टपरीवर कटिंग प्यायचो त्यांच्याच रजेच्या अर्जावर आता मी सही करतो. मी आलो की टपरीवरचा विषय बदलतो, हेही कळायला लागलंय.

मालक माणूस चांगला, पण पुस्तकांचा भारी नाद. प्रमोशनचे पेढे द्यायला गेलो, तर पेढा तोंडात टाकून त्यांनी कपाटातून नेतृत्वावरची तीन पुस्तकं काढून दिली. महिन्याला एक वाचायचं आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यावर दहा मिनिटं बोलायचं. सेकंड शिफ्ट सुटून सिडकोत घरी पोचायला बारा वाजतात, जेवण झालं की दहा-बारा पानं वाचतो. दोन पुस्तकं झाली.

अडचण अशी की वाचताना सगळं पटतं. रात्री वाटतं, सापडलं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला शॉपमध्ये पाय ठेवला की त्यातलं काय कुठे लावायचं ते कळत नाही. लावलं तर हसं होतं. एक किस्सा सांगतो.

पुस्तकात होतं की चांगला नेता उत्तरं देत नाही, प्रश्न विचारतो. त्याच आठवड्यात एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान यायला लागला, भोक तपासायच्या प्लग गेजची आत जायला हवी ती गो बाजू अडकत होती. मशीनवर आमचे सर्वांत जुने ऑपरेटर होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, मला पहिला ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) त्यांनीच शिकवला. मी जवळ जाऊन अगदी पुस्तकातल्यासारखं विचारलं, "काका, हे कशामुळे होत असेल असं तुम्हाला वाटतं? यातून आपण कसा मार्ग काढू या?"

काकांनी गेज खाली ठेवला, वेस्टने हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "साहेब, बरं नाही का तुम्हाला? इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलायची पात) घासलाय. बदलायचा का अजून वीस जॉब काढायचे तेवढं सांगा. पाकीट तुमच्याच कपाटात आहे, कुलूप लावलेलं."

हसले सगळे. हसल्याचं काही नाही, पण एरवी मला नावाने हाक मारणारा माणूस साहेब म्हणाला ते लागलं.

दुसरा प्रयोग कौतुकाचा. चूक सांगायच्या आधी एक चांगली गोष्ट सांगायची, नंतरही एक सांगायची. तीन-चार दिवस केलं. पाचव्या दिवशी एका पोराला सहज म्हणालो, "आज सेटअप छान झाला रे." त्याचा चेहराच उतरला. "सर, काय चुकलं?"

तर विचारायचंय ते हे. ही पुस्तकं वाचून तुमच्यापैकी कुणाच्या वागण्यात खरोखर फरक पडला का? पडला असेल तर नेमका कशाने? "दृष्टिकोन बदलला" असं नको, शॉपमध्ये, ऑफिसात, वॉर्डात काय वेगळं केलं ते सांगा. दुसरं म्हणजे, ज्यांनी आपल्याला काम शिकवलं त्यांच्यावरच साहेब होऊन बसल्यावर कसं वागायचं? आणि आता मालक आम्हा पाच जणांना त्र्यंबक रोडच्या एका रिसॉर्टवर दोन दिवसांच्या लीडरशिप शिबिराला पाठवायचं म्हणताहेत. जावं का?

पाथर्डीफाटा
मी आठ वाचली. आता माझ्याकडे आठ पुस्तकं आहेत. रिजेक्शन (नापास माल) जिथल्या तिथे.
बाकी काकांना इथे आयडी काढून द्या, ही विनंती.

बाकावरून
मी मॅनेजमेंट शिकवतो, म्हणजे या पुस्तकांवरच पोट आहे. तरी खरं सांगतो.

यातली बरीच पुस्तकं एकाच रीतीने तयार होतात. आधी यशस्वी कंपन्या निवडायच्या, मग त्यांच्यात काय काय सारखं आहे ते शोधायचं. १९८२ साली आलेलं 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' तसंच. तुफान खपलं. दोनच वर्षांनी 'बिझनेस वीक'ने मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'ऊप्स' छापलं, कारण त्यातल्या बऱ्याच कंपन्या तोवर अडचणीत आल्या होत्या. जिम कॉलिन्सचं 'गुड टू ग्रेट' २००१ चं. १,४३५ कंपन्यांमधून चाळून अकरा काढल्या. त्या अकरांपैकी सर्किट सिटीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि फॅनी मे त्याच वर्षी अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

लेखक खोटारडे होते असं मुळीच नाही. गोम विचारण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडचं बघा. निफाडला गारपीट होते, एका पट्ट्यातल्या द्राक्षबागा झोपतात आणि शेजारची एक वाचते. हंगाम संपल्यावर त्या बागाईतदाराला विचारा, तो ऑक्टोबर छाटणी कधी केली, डिपिंग (घड औषधात बुडवणं) कसं केलं, सगळं मनापासून सांगेल. पण बाग झोपलेल्या शेजाऱ्यानेही छाटणी त्याच दिवशी केली होती, त्याला विचारायला कोणी जात नाही. त्यात कंपनी फायद्यात असली की तिचा साहेब ठाम वाटतो आणि तोट्यात गेली की तोच हट्टी. फिल रोझेन्झ्वाइगने २००७ मध्ये 'द हेलो इफेक्ट' नावाचं अख्खं पुस्तक यावरच लिहिलंय. (हो, तेही मॅनेजमेंटचंच पुस्तक. आमच्यात असंच असतं.)

शिबिराबद्दल. प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या डोनाल्ड किर्कपॅट्रिकने १९५९ पासून सांगून ठेवल्यात: लोकांना आवडलं का, शिकले का, कामावर परतल्यावर वागणं बदललं का, आणि त्याने धंद्यात फरक पडला का. रिसॉर्टवर दुसऱ्या दिवशी जेवणानंतर जो फॉर्म भरून घेतात त्यात फक्त पहिली पातळी मोजली जाते. पनीर चांगलं असलं तरी ती वर जाते. जा, पण जायच्या आधी मालकांना विचारा की महिन्याभराने काय बघणार आहात.

वॉर्डनंबरपाच
मी एका रुग्णालयात सिस्टर इनचार्ज आहे. मला एका पुस्तकाचा उपयोग झाला, म्हणून लिहिते.

डेल कार्नेगीचं ते १९३६ सालचं, माणसं जोडण्याबद्दलचं. सार्वजनिक वाचनालयातून मराठी भाषांतर आणलं होतं. निम्मं गोडबोलं वाटलं आणि सोडून दिलं. एकच घेतलं, माणसाला नावाने हाक मारायची. आमच्याकडे सफाईच्या बायका सगळ्या 'मावशी' आणि वॉर्डबॉय सगळे 'मामा'. सहा महिने एकत्र काम करून मला तिघींची नावं माहीत नव्हती, लाज वाटली. ड्यूटी रजिस्टरच्या मागच्या पानावर सगळ्यांची नावं लिहिली, कोणाची मुलं कितवीला तेही. आता वयाने मोठ्या असतील तर नावापुढे ताई लावते. रात्री दोनला फोन केला की पूर्वी रिंग वाजत राहायची, आता उचलतात. एवढंच झालं, पण माझ्या वॉर्डात ते पुष्कळ आहे.

नंतर कळलं की कार्नेगी ते पुस्तक लिहायच्या आधी वीसेक वर्षं मोठ्या माणसांचे संध्याकाळचे वर्ग घेत होते. माणसं शिकलेलं आठवडाभर करून बघायची आणि पुढच्या वर्गात उभं राहून काय झालं ते सांगायची. पुस्तक त्या वर्गातून निघालं. आपण पुस्तक आणतो, वर्ग नसतो.

निवृत्त_टूलरूम
सातपूरला तेहतीस वर्षं काढली. धागाकर्त्या, तुझं वय माझ्या धाकट्याएवढं असणार म्हणून अरे-तुरे करतो.

तुझ्या हातातली पुस्तकं बहुतेक कंपनीच्या प्रमुखांसाठी लिहिलेली. तुला लागतंय ते फोरमनसाठीचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार लढाईवर गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं आली, तेव्हा सुपरवायझर लोकांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' असा कार्यक्रम निघाला, १९४० ते ४५. युद्धानंतर अमेरिकेने तो बंद केला, जपानने उचलला. टोयोटाच्या कामाच्या पद्धतीत त्याचा मोठा वाटा आहे. नेतृत्वाची भाषणं त्यात नाहीत. काम कसं शिकवायचं, कामाची पद्धत कशी सुधारायची, माणसांशी कसं वागायचं, आणि प्रत्येकाचं खिशात मावेल एवढं एक कार्ड.

शिकवायच्या पायऱ्या चार. आधी माणसाला तयार कर, म्हणजे त्याला काय येतं ते विचार. मग काम करून दाखव, एकेक पायरी, कळीचे मुद्दे सांगत. मग त्याला करायला लाव आणि करता करता त्याच्या तोंडून वदवून घे. मग सोड, पण अडला तर कोणाकडे जायचं ते सांगून, आणि येऊन बघत राहा. त्यांचा एक नियम होता: शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मला पहिल्यांदा ऐकून राग आला होता.

आता तुझे काका. साहेब म्हणाले कारण तू साहेबासारखा बोललास. चारचौघांत त्यांना कोडी घालू नकोस. शिफ्टच्या आधी दहा मिनिटं जा, एकटा, आणि ज्याचं उत्तर तुला खरंच माहीत नाही तेच विचार. आणि एक सांग, इन्सर्टच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे का आहे?

धागाकर्ता (बारा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. उशीर झाला, महिनाअखेरीचं डिस्पॅच होतं.

टूलरूम काका, तुमच्या शेवटच्या ओळीवर अडकलो. किल्ली माझ्याकडे का? आधीच्या इनचार्जकडे होती म्हणून. तीन वर्षांपूर्वी इन्सर्ट चोरीला गेले तेव्हा कुलूप लागलं आणि तसंच राहिलं. पोरं घासलेल्या इन्सर्टवर जॉब ओढत होती, कारण मला शोधत स्टोअरपर्यंत यायचा कंटाळा. आणि मी तिकडे बोअर लहान का येतो यावर प्रश्न विचारत फिरत होतो.

किल्ली आमच्या शॉपमधल्या काकांना दिली. देताना काही बोललो नाही, मुद्दामच. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून शंभर पानी वही आणली. तारीख, मशीन, इन्सर्टच्या एका कॉर्नरवर (धारेवर) किती जॉब निघाले, नेणाऱ्याची सही. मी सगळीकडे १८० जॉबला कॉर्नर बदलायचं ठरवलं होतं. काका म्हणाले, एका पार्टीचं कास्टिंग कडक येतं, त्याला १४० च्या पुढे जायचं नाही. हे त्यांना कधीपासून माहीत होतं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? "तू विचारलं कुठं?" म्हणाले. तू म्हणाले, हे नोंदवून ठेवतो.

रिजेक्शन कमी झाल्यासारखं वाटतंय, पण दहा दिवसांवरून बोलत नाही. एक कॉन्ट्रॅक्टचा पोरगा वहीवर नाराज आहे, त्याला वाटतं की सही म्हणजे पाळत. त्याच्याशी बोलायचंय, अजून जमलं नाही.

सोमवारी पुस्तकाऐवजी त्या वहीवरच बोललो. मालकांनी ऐकून घेतलं, वही मागवून चाळली, आणि शेवटी म्हणाले की हेच दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात आहे. असेलही. वाचताना मला तिथे कपाट दिसलं नव्हतं. शिबिराचं मात्र त्यांनी तूर्त थांबवलंय, महिन्याभराने काय बघणार या प्रश्नावर विचार करून सांगतो म्हणाले.

वॉर्डनंबरपाच ताई, कॉन्ट्रॅक्टच्या तेरापैकी चौघांची नावं मला धड माहीत नव्हती. आता आहेत.

टूलरूम काका, ते चार पायऱ्यांचं कार्ड मराठीत कुणाकडे तयार आहे का? नसेल तर रविवारी मीच बसून आमच्या लेथच्या कामावर बेतून लिहितो आणि इथे टाकतो. चुका काढा.