महापालिका हद्दीबाहेर बस हवी असेल तर तुटीची वाटणी कशी मांडावी? मदत हवी आहे

नमस्कार. मुळशी तालुक्यात, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीतील गृहनिर्माण संस्थांच्या वतीने हे लिहीत आहे. शहरातून येणारी बस हद्दीवरच्या शेवटच्या थांब्यावरून वळते. तिथून पुढे शेअर रिक्षा, आणि रात्री उशीर झाला की रिक्षावाला सांगेल तो दर. बस पुढे वाढवावी म्हणून दिलेल्या अर्जावर एका कार्यालयात ‘हद्दीबाहेरची तूट आम्ही का सोसायची?’ असे तोंडी उत्तर मिळाले, तर दुसऱ्याने ‘विषय आमच्याकडील नाही’ असा शेरा मारून तो पहिल्याकडेच पाठवला.

तुटीचा प्रश्न खरा आहे, हे मला मान्य आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन शहर बससेवांचे २००७ मध्ये विलीनीकरण होऊन आजची बस चालवणारी पीएमपीएमएल ही कंपनी झाली, तेव्हा पुणे महापालिकेचा ६० आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के असा हिस्सा ठरला व तूटही त्याच प्रमाणात वाटली गेली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आले २०१५ मध्ये, आणि ग्रामपंचायती तर या हिशेबात कधीच नव्हत्या. मग ज्यांचा कर महापालिकेकडे जात नाही, त्यांच्या फेऱ्यांसाठी पैसे मोजायला नगरसेवक का राजी होतील?

म्हणून नुसती मागणी न करता पीएमपीएमएल, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायत यांच्यातील त्रिपक्षीय कराराचा मसुदा द्यावा, असा विचार आहे. हद्दीबाहेरच्या किलोमीटरपुरता खर्च आणि तिकीट उत्पन्न यांतला फरक पीएमआरडीएने द्यावा, आणि बस वळवायला जागा व थांब्यावरची शेड ग्रामपंचायतीने द्यावी. दिल्ली-गाझियाबाद-मेरठ जलद रेल्वे उभारणाऱ्या एनसीआरटीसी या सरकारी कंपनीत केंद्राचा ५० आणि चार राज्यांचा प्रत्येकी साडेबारा टक्के हिस्सा आहे. तरीही दिल्ली सरकारकडून प्रकल्पाचे पैसे मिळावेत म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. वाटा कागदावर असूनही ही गत, तर सदिच्छेच्या पत्रांवर किती विसंबायचे? त्यामुळे वाटा थकला तर काय, हे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि नेमके तेच मला नीट लिहिता येत नाही.

नवी मुंबई महापालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या (एनएमएमटी) बस शहराच्या हद्दीबाहेर पनवेल, कल्याणपर्यंत जातात. तिथल्या कुणाला या मार्गांच्या तुटीची व्यवस्था ठाऊक असल्यास कृपया सांगावे. एसटीच्या समांतर मार्गाचा आक्षेप आला तर तो कोणत्या पातळीवर मिटवतात? प्रस्ताव आधी पीएमपीएमएलच्या संचालक मंडळाकडे न्यावा, की पुण्याच्या एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणापुढे, म्हणजे ‘पुम्टा’पुढे? परिवहन उपक्रमात किंवा महापालिकेच्या लेखा विभागात काम केलेल्यांचे मत विशेष उपयोगी पडेल.

ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवायचा आहे, आणि विषयपत्रिका निघण्यापूर्वी मसुदा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यावा लागेल. कुणाकडे अशा कराराचा नमुना असल्यास व्यक्तिगत निरोपातून पाठवला तरी चालेल.