प्रोस्टेटचा 'दडपलेला' व्हायरस: पुरे आता!

खडूस पेन्शनर: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय की प्रोस्टेटचा कॅन्सर एक्सएमआरव्ही व्हायरसने होतो आणि औषध कंपन्यांनी ते दडपलं. अहो, ज्यांनी शोधला त्यांनीच गाडला! २००६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सिल्व्हरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे डेरिसी या संशोधकांच्या गटांना तो प्रोस्टेटच्या गाठींत सापडला. आरएनेसएल या व्हायरसशी लढणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्या २० पैकी ८ रुग्णांत, बाकी ६६ पैकी फक्त एकात. आकडे बघून कुणीही उडेल. पण २०११ मध्ये पाठक-कॉफिन या संशोधक मंडळींनी त्याची कुंडलीच काढली. १९९०च्या दशकात माणसाची गाठ प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढवताना उंदरांच्याच दोन व्हायरसांचे तुकडे जुळून हा जन्मला. मग लॅबमधल्या बाधित पेशींतून नमुन्यांत शिरला. सिल्व्हरमननी जुने नमुने पुन्हा तपासले आणि २०१२ मध्ये तो २००६चा पेपर मागे घेतला गेला. यात दडपलं काय?

उलटतपासणी: एक खोटा निघाला म्हणून सगळे सुटले का? राउस नावाच्या संशोधकाने कोंबडीतला कॅन्सरचा व्हायरस १९११ मध्ये दाखवला, नोबेल १९६६ मध्ये. एचपीव्हीवाल्या (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा व्हायरस) त्सुर हाउझेनना २००८ मध्ये. तोवर तुमच्यासारखेच हसत होते.

कोथरूडकर: पाठक म्हणजे आपलेच का हो?

सुनंदाताई: व्हायरस राहू द्या, ते पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) बंद करा आधी! बाबांचं वाढलेलं आलं, लगेच बायोप्सी. त्यानंतर हुडहुडी भरून ताप, सलाईन, बिल. बायोप्सीत कॅन्सर नाहीच. मुळात लघवीचं इन्फेक्शन होतं. साधी लघवी तपासायला कुणाला सुचलं नाही.

रा. रा. विंचूरकर: बंद करा म्हणे! माझे सासरे कंबर दुखते म्हणून वर्षभर तेल चोळून घेत होते. कळलं तेव्हा हाडांत पसरलेला. एक रक्ततपासणी केली असती तर?

सुनंदाताई: अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेच २०१२ मध्ये सरसकट पीएसए नको म्हटलं होतं. वाचत जा.

रा. रा. विंचूरकर: आणि २०१८ मध्ये त्याच समितीने शब्द फिरवला: ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं. तुम्हीही पुढचं पान वाचत जा, ताई.

सुनंदाताई: बरं, तुम्ही विद्वान. बिल तुम्ही भरलं नव्हतंत.

खडूस पेन्शनर: धागा व्हायरसचा आहे हो!!

उलटतपासणी: घ्या, एक्सएमआरव्ही तुमचा. पण बाकीच्यांचा शोध थांबवायचा का?

खडूस पेन्शनर: थांबवा कोण म्हणतंय? फक्त लॅबमधले उंदीर आधी मोजा.

नवा सभासद: वय ६६, पीएसए ६.२ आलंय. काय करू?

सुनंदाताई: आधी लघवी तपासा.

रा. रा. विंचूरकर: युरोलॉजिस्टकडे जा, इथे काय विचारताय! (लघवीचं मात्र बाई बरोबर सांगतायत.)