किनाऱ्यावरील पक्ष्यांचे विचित्र वागणे: आजार की नेहमीचीच सवय?

ओलीवाळू यांचा प्रश्न

गेले दोन आठवडे मी रोज सकाळी समुद्रकिनाऱ्यावर स्थलांतरित पक्षी पाहत आहे. त्यात तीन गोष्टी मला खटकल्या. एक कुरव ओल्या वाळूवर एकाच जागी उभा राहून बराच वेळ भराभर पाय आपटत होता. छोट्या टिलव्यांच्या थव्यातील बरेच पक्षी एका पायावर उभे होते आणि मी जवळ गेल्यावर तसेच लंगडत पुढे सरकले. तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक वाटली: एका पाणटिवळ्याने चोच उघडली, तेव्हा वरच्या चोचीचे फक्त टोक वर वळलेले दिसले, जणू ती मोडली असावी. हे पक्षी आजारी आहेत का, आणि कोणाला कळवणे आवश्यक आहे का?

भरतीरेषा यांचे उत्तर

तिन्ही वर्तने निरोगी पक्ष्यांत नेहमी दिसतात. आपल्याला ती नवीन वाटतात, एवढेच. कुरवाच्या पाय आपटण्याने ओल्या वाळूतील किडे आणि अळ्या हालचाल करू लागतात व वर येतात. उथळ पाण्यात त्याच क्रियेने तळाची वाळू ढवळली जाऊन भक्ष्य उघडे पडते. काही चिखल्ये पक्षी तर एकच पाय जमिनीवर थरथरवतात.

एका पायावर उभे राहणे ही ऊब राखण्याची युक्ती आहे, कारण उघड्या पायातून उष्णता निघून जाते. विश्रांती घेणारा पक्षी दुसरा पाय पिसांतून बाहेर काढण्याचा कंटाळा करतो आणि थोडे अंतर लंगडतच कापतो. आपण थांबून पाहिले असते, तर बहुतेकांनी दुसरा पाय खाली टेकवलेला दिसला असता.

चोचीविषयी मात्र सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही. पाणटिवळे, कोरल, टिलवे यांच्या वरच्या चोचीचा पुढचा भाग स्वतंत्रपणे वाकू शकतो. चोच चिखलात खोलवर रुतलेली असताना ती संपूर्ण उघडायची म्हटली, तर सभोवतालचा चिखल बाजूला सारावा लागेल. केवळ टोक उघडले की किडा चिमट्याने पकडल्यासारखा पकडता येतो. विश्रांतीच्या वेळी हेच पक्षी जांभई दिल्यासारखे टोक ताणतात, आणि आपण नेमका तोच क्षण पाहिला असावा.

शरदपाहुणा यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु ऋतूचाही विचार व्हावा. किनारी पक्ष्यांचे दक्षिणेकडे जाणे जुलैपासूनच सुरू होते. बऱ्याच जातींत प्रौढ आधी निघतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले मागाहून, कोणाच्याही सोबतीशिवाय येतात. पाठीवरील पिसांच्या कडा स्वच्छ व खवल्यांसारख्या दिसल्या, तर ते पक्षी कोवळे आहेत असे समजावे. त्यांपैकी अनेकांनी माणूस कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे ते अगदी जवळ येऊ देतात, आणि आपण त्यालाच अशक्तपणा समजतो.

या पिल्लांची क्षमता कमी लेखू नये. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून निघालेला, अवघ्या पाच महिन्यांचा पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा सुमारे १३,५६० किलोमीटर कोठेही न उतरता टास्मानियाला पोहोचला आणि त्यास अकरा दिवस लागले. अशा उड्डाणापूर्वी या पक्ष्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा चरबीचा असतो आणि पचनाची इंद्रिये आकुंचन पावतात. त्यामुळे नुकताच उतरलेला पक्षी काही काळ सुस्त बसला, तर त्याला उठवू नये.

खारफुटी यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, तरी सर्वच बाबतीत निश्चिंत राहणे मला पटत नाही. २०२१ पासून एच५एन१ या बर्ड फ्लूने जगभर समुद्रपक्ष्यांचे मोठ्या प्रमाणावर बळी घेतले आहेत. मान पिळवटलेली असणे, डोके थरथरणे, उडता न येणे, पाण्यात दिशाहीन गोल फिरणे आणि एकाच परिसरात अनेक मृत पक्षी सापडणे ही लक्षणे दिसली, तर पक्ष्याला हात लावू नये, कुत्र्याला दूर ठेवावे आणि वन्यजीव किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. नोंद करताना भरती-ओहोटीची वेळही लिहावी. वर्तनाचा अर्थ पुष्कळदा त्यातूनच उलगडतो.

ओलीवाळू

सर्वांचे आभार. वेळ तपासली असता पाय आपटणारा कुरव ओहोटी लागल्यावरच दिसला होता. मात्र शेवटचे उत्तर वाचून मी अस्वस्थ झालो, कारण काल एक लहान पक्षी खाडीच्या डबक्यात तरंगत गरगर फिरत होता.

भरतीरेषा

तो फिरताना क्षणोक्षणी पाण्यावर चोच मारत होता का? तसे असेल, तर तो लाल मानेचा फॅलारोप किंवा त्याच्या जवळची जात असावी. हे पक्षी जलद गिरक्या घेऊन पाण्यात भोवऱ्यासारखा प्रवाह निर्माण करतात व त्याबरोबर वर येणारे सूक्ष्म जीव टिपतात. आजारी पक्षी फिरतो तेव्हा त्याचे डोके कलंडलेले असते आणि तो काही खात नाही.

ओलीवाळू

चोच मारत होता, आणि थोड्या वेळाने सरळ पोहत पलीकडे गेला.